मागणीचं काय?

घडीच्या खुर्चीच्या धंद्याचा आराखडा तिने टेबलावर ठेवला. खुर्चीची रचना शेजारी बसलेल्या सुताराची, हिशेब तिचा. भांडवल मिळालं नाही, तर दोघांनाही पुन्हा नोकरी धरावी लागणार होती.

गुंतवणूकदार बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "खर्चाचं पटलं. पण मागणीचं काय?"

ती तोंड उघडणार, तोच सुतार घाम पुसत म्हणाला, "आजच घालणार होतो, मॅडम. पण आधी हिला विचारावं म्हटलं."

तिचे कान लाल झाले.

"मी खुर्चीच्या मागणीचं विचारलं हो," बाई हसू आवरत म्हणाल्या. "असू दे. मी पैसे देते ते पुढच्या प्रश्नाच्या उत्तरावर. तुमची भागीदारी टिकेल का?"

सुताराची मान खाली.

ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "जन्मभर."