बाळसं

"काय इलॅस्टिक घालतात लेकाचे! पाय आवळून टाकला नुसता," पलंगाच्या काठावर बसून हरिदास करवादले. पोटरीवर मोज्याची गोल खाच उमटली होती.

सरोजिनी नगरातून आणलेला हा तिसरा जोड. आधीचे दोन त्यांच्या बायकोने, वैजयंतीने, बदलून आणले होते. "भैया, आदमी के लिए दो, गुड़िया के लिए नहीं," असं दुकानदाराला सुनावून.

मोजे सोडले तर हरिदासांची तक्रार नव्हती. रिटायर होऊन गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून चेहरा भरला होता. मराठी मंडळातले लोक म्हणत, "बाळसं धरलंय की! रिटायरमेंट मानवली." हरिदास खूश. फक्त बाथरूममधून हल्ली फ्लश दोनदा ऐकू येई. टाकी रिकामी होते म्हणून वैजयंती ओरडे. "तुझ्या त्या नव्या क्लीनरचा फेस जात नाही!" आतून उत्तर येई.

हरिदासांच्या थोरल्या दादांच्या पोटातल्या बारीक चाळण्या सुजल्या होत्या. अंगातलं प्रोटीन लघवीतून गळत राहिलं आणि कळेपर्यंत फार उशीर झाला. तेव्हापासून त्या अवयवाचं नाव या घरात कुणी घेत नसे. लेकीने, अक्षयाने, एकदा जेवताना राजम्याचं इंग्रजी नाव घेतलं, तर वैजयंतीने पातेल्यावर झाकणच आपटलं.

आता तीच अक्षया दारात उभी होती. जन्म दिल्लीचा, मराठी अर्धं.

"आई, बाळसं म्हणजे एक्झॅक्टली काय?"

"गुटगुटीत बाळाच्या अंगावर येतं ते."

"अच्छा. आणि दाबलं की त्यात खड्डा पडतो?" तिने वाकून बाबांच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला. खड्डा तसाच राहिला. तिघंही त्याच्याकडे बघत बसले. तो काही भरेना.

"मोज्यांमुळे गं," हरिदास हळूच म्हणाले. "इलॅस्टिकच तसलं. आणि तो फेस म्हणशील तर क्लीनर..."

वैजयंती खाली बसली. त्यांच्या पायातला मोजा तिने अलगद सोलून काढला, जसा झोपलेल्या पोराचा काढतात.

"क्लीनर मी महिनाभर टाकलेलाच नाही हो," ती म्हणाली. "तुमच्या दादांनी वर्षभर मोजेच बदलले. आपण आज किडनीचा डॉक्टर गाठू."