पायाच्या अंगठ्याशी

कॅन्सरनं बाबांचं लिव्हर पोखरलेलं, रक्तातला अमोनिया मेंदूला चढलेला, म्हणून ते पोटच्या लेकीलाच वॉर्डातली मावशी समजत होते. "मावशे, हाकल ना त्याला! अंगठा चाटतंय!"

आणि अंगठा खरंच चिकट असायचा. औषधाचं सिरप सांडलं असेल, म्हणून लेक तो रोज पुसायची. पण वास सडक्या मांसाचा, शी!

आज अमोनिया उतरला. नर्सनं विचारलं, "काका, ही कोण?"

"माझी चिमणी. आणि तुम्ही सुया टोचणाऱ्या!"

लेकीचा जीव भांड्यात पडला. "बाबा, आता कोणी चाटत नाही ना?"

"नाही गं," बाबा अगदी शुद्धीत म्हणाले, "मघाशीच खाली उतरलं."

तेवढ्यात पलंगाखालून तिच्या चपलेतल्या अंगठ्याला काहीतरी कोमट, खरखरीत लागलं.