काचेची पट्टी

तीन महिने गेर्दाआजींना घास गोड लागत नव्हता. बितोम या खाणींच्या शहरातल्या त्यांच्या घराखालून कोळशाची खाण गेलेली. जमीन खचतेय का ते कळावं म्हणून खाणीचा मोजणीदार झेनोन भिंतीतल्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवून गेला होता. "काच शाबूत, तर घर शाबूत," असं म्हणून तो दर महिन्याला बघून जायचा.

आज त्याच्यापुढे खसखशीचा केक ठेवून आजींनी एकदाचं सांगून टाकलं, "पोरा, तुझी काच माझ्यामुळे तीनदा फुटली रे. दर वेळी नवी आणून गुपचूप चिकटवली. लाज वाटली सांगायची."

"पुसताना धक्का लागला असेल, आजी. होतं असं."

"छे रे, दार आपटल्यानं! मेलं हल्ली चौकटीत अडकतं. आपटल्याशिवाय लागतच नाही."

झेनोनने हातातला केक तसाच खाली ठेवला आणि तिरक्या झालेल्या चौकटीकडे पाहिलं. "आजी, दार उघडंच राहू द्या. कोट घाला आणि आधी बाहेर चला."



"एवढ्याशा काचेपायी घराबाहेर काढतोस होय रे?" आजी रडवेल्या झाल्या.