केल्विनच्या बदली

कंपनीचा वकील इतका गोड बोलेल असं ग्लेंडाला वाटलं नव्हतं. ती कंबर कसून भांडायच्या तयारीने आली होती, आणि हा तर तिला पाणी हवंय का विचारत होता.

“केल्विन स्टॉट कामाला कसा माणूस आहे, मिसेस टास्कर?”

“सोन्यासारखा,” ग्लेंडा म्हणाली. “वारा असो, बर्फ असो, त्याच्या गल्ल्यांतलं एक पार्सल कधी मागे राहिलं नाही.”

समोर केल्विन कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन बसला होता. गेल्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या गोठलेल्या पायरीवरून तो पार्सलासकट घसरला आणि पाय मोडून बसला. कंपनी म्हणाली, हा आमचा कामगार नव्हेच, हा स्वतंत्र धंदेवाला. आजारपणाचा पगार नाही, भरपगारी सुट्टी नाही. अंगात जाकीट कंपनीचं, हातातलं पार्सलं नोंदायचं यंत्र कंपनीचं, कुठल्या दारात आधी जायचं तेही कंपनीच सांगणार, आणि हा म्हणे धंदेवाला! म्हणून तर केल्विनने दावा लावला होता, आणि कामगार न्यायालयात ग्लेंडा त्याच्या बाजूने साक्षीला उभी होती. त्याची शेजारीण, आणि पलीकडच्याच गल्ल्यांत पार्सलं वाटणारी.

“त्याची आई वारली, त्या दिवशीसुद्धा पार्सलं गेली?” वकिलाने हळू आवाजात विचारलं.

“गेली तर. मी गेले ना त्याच्या बदली. त्याला सांगावंही लागलं नाही, मीच गाडीची किल्ली उचलली.”

“आणि पाय मोडल्यापासून?”

“मीच. आधी माझं उरकते, मग त्याचं.”

“पण आज तर तुम्ही इथे आहात.”

“आज माझी बहीण वाटतेय पार्सलं. नोरीन.”

“कंपनीला विचारलंत?”

“त्यात विचारायचं काय? नोरीनला तिथला कुत्रा न् कुत्रा ओळखतो.”

खोलीत हशा पिकला. न्यायाधीश बाईसुद्धा हसल्या. ग्लेंडाला बरं वाटलं. आपण चांगलं बोललो, केल्विनचं नाव राखलं, असं तिच्या मनात आलं.

मॉयरा मात्र हसली नाही. ती युनियनची, केल्विनची बाजू मांडणारी. वकील आभार मानून बसल्यावर ती उठली आणि तिने जपून विचारलं, “मिसेस टास्कर, तुम्ही त्याच्या बदली का जात होता? तुम्ही गेला नसतात तर काय झालं असतं?”

उत्तर ग्लेंडाला पाठ होतं. एक दिवस पार्सलं पडून राहिली की त्या गल्ल्या दुसऱ्या कुणाला मिळतात. तसं कुणी तोंडाने सांगत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. त्या धास्तीपायीच ती केल्विनच्या आईच्या मातीलासुद्धा गेली नव्हती, आणि त्या बाईने तर तिला लहानाची मोठी होताना पाहिलं होतं. पण एवढ्या कोटवाल्या लोकांत, केल्विनच्या देखत, आम्ही भितो असं कसं म्हणायचं? ग्लेंडाने मान ताठ केली.

“शेजारधर्म,” ती म्हणाली. “दुसरं काय?”

मॉयराने डोळे मिटून घेतले.

बाहेरच्या बाकावर तिने दोघांना समजावून सांगितलं. ती रागावली असती तर ग्लेंडाला सोपं गेलं असतं.

“कामगाराला स्वतः यावं लागतं. धंदेवाला आपल्या जागी वाटेल त्याला पाठवू शकतो. आता ते म्हणणार, केल्विनच्या जागी ग्लेंडा चालते, ग्लेंडाच्या जागी नोरीन चालते, मग हे कामगार कसले? गल्ल्या जातील या भीतीने जाता, एवढं म्हणाला असतात तरी आधार होता. निकाल पत्राने कळवतील. पण फार आशा धरू नका.”

मॉयरा गेली. गोदीकडून ग्रिम्सबी बंदराचा खारा वारा येत होता. केल्विन कुबड्या टेकत गाडीपर्यंत आला.

“मी खोटं काही बोलले नाही रे,” ग्लेंडा म्हणाली. “एकच बोलले. ते शेजारधर्माचं. भीती वाटायची मला, केल्विन. आधी भीती, मग शेजारधर्म. ते तेवढं तोंडातून निघालं नाही.”

“ठाऊक आहे मला.”

“तुझं वाटोळं केलं मी.”

“पुरे गं. माझ्या आईची शपथ घालून विचारलं असतं, तरी मीसुद्धा तेच म्हणालो असतो. भितो असं आपल्याकडे कोण कबूल करतं?”

ग्लेंडाचा फोन वाजला. नोरीन होती. तिचा आवाज केल्विनलाही ऐकू येत होता.

“ताई, शेवटची गल्ली राहिलीय गं. पायाला हे फोड आलेत. एक पाऊल उचलवत नाही. काय करू?”

ग्लेंडाने केल्विनकडे बघितलं.

“पडू दे म्हणावं,” केल्विन म्हणाला. “आज पडू देत. एकदा तरी पडू देत त्यांची पार्सलं.”

“नोरीन, ऐक,” एवढंच ग्लेंडा फोनवर म्हणाली. पुढचे शब्द तिला जुळेनात.

केल्विनने एक कुबडी गाडीला टेकवली. मग त्याने विचारलं, “कुठली गल्ली?”

“कालव्याकडची.”

“कोपऱ्यावरच्या म्हातारीचं काही आहे का बघायला सांग. औषधं येतात तिची.”

नोरीनने शोधलं. होतं.

केल्विनने गाडीचं दार उघडलं. कुबड्या मागे टाकल्या, मोडका पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि पट्टा लावला.

“अरे, तू कुठे निघालास असल्या पायाने?”

“चल, गाडी काढ,” केल्विन म्हणाला. “नोरीनच्या बदली.”