फणसाची सावली

मिरजोळ्याच्या आमच्या कातळावर २००३ साली मी स्वतःच सोलर पॅनल बसवलं. ऊन पडलं की पंप आपोआप सुरू व्हायचा आणि आंब्याच्या कलमांना थेंब थेंब पाणी मिळायचं. पॅनलवर सावली नको म्हणून शेजारचा फणस तोडायला लावला.

"आधी जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालूया, मग तोडू," आमचा गडी भागोजी म्हणाला होता. मी थांबलो नाही.

आठवड्याभरात एकदा भर दुपारी पंप बंद पडला. जाऊन बघतो तर पॅनलवर फणसाची सावली, फांद्यांसकट हलणारी. फणसाच्या जागी नुसता बुडखा.

पॅनल छपरावर चढवलं, सावली छपरावर आली. उतरवून अंगणात मांडलं, अंगणात आली. शेवटी नारळ ठेवून गाऱ्हाणंही घातलं. कलमं सुकत चालली. तोडलेलं झाड पुन्हा तोडायचं कसं?

एके दुपारी माझी बायको लीला पॅनल पुसायला त्या सावलीत गेली.

"किती गार वाटतंय हो इथे," ती म्हणाली.

तेवढ्यात सावलीतलं एक पान सुटलं, हेलकावत खाली आलं आणि तिच्या खांद्यावर टेकलं. तिने खांदा झटकला.

मी तिला हाताला धरून उन्हात ओढलं. पानाची सावली तिच्या खांद्यावर तशीच होती.