पाटीवरचे डोळे

हिरामणचं डोकं फिरलं. पेणच्या आपल्या गणपती कारखान्यात बसून त्याने एका परदेशी गिऱ्हाइकासाठी लाकडी पाट्यांवर ओघम नावाची प्राचीन आयरिश अक्षरं कोरली होती. एक उभी रेघ आणि तिच्यावर आडव्या खाचा, बस. पण एका पाटीवर कुणीतरी डोळे रंगवले होते, गणपतीला रंगवतात तसे.

"कोणी हात लावला गो?" तो बायकोवर खेकसला.

"मी नाय," चंद्रावती म्हणाली. "तुमच्याशिवाय इथं डोळे आखतंय कोण?"

त्याने डोळे घासून काढले. सकाळी ते परत होते.

"हिंमत असेल तर समोर ये!" ओरडत त्याने पटाशीने ते खरवडून टाकले.

"अवो," चंद्रावतीने त्याची बाही ओढली, "मागं बघा."

फळीवरच्या, डोळे आखून झालेल्या एकाही मूर्तीला आता डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी खरवडल्यासारख्या खाचा होत्या, त्यांतून माती अजून गळत होती.