आजोबांचं हत्यार

वडील गेल्यावर शिवयोगी आणि महेश्वर या दोघा भावांनी सोलापुरातलं जुनं घर विकायला काढलं. भांडीकुंडी सुखासुखी वाटली गेली. घोडं अडलं ते भिंतीवर टांगलेल्या, टोकाला वाकड्या असलेल्या लोखंडी हत्यारावर. आजोबांनी त्यानंच रझाकारांना पळवून लावलं, असं घरात सगळे सांगत.

"मी थोरला. ते माझ्याच हॉलमध्ये लागणार," शिवयोगी म्हणाला.

"अण्णा, तुला त्याची किंमत तरी कळती व्हय?" महेश्वरनं ते काढून आधीच छातीशी धरलं होतं.

तेवढ्यात महेश्वरच्या मुलीनं मोबाइलवर त्याचा फोटो काढला, शोधलं आणि वाचून दाखवलं, "बिडाच्या पाइपांच्या सांध्यात शिसं ठोकून बसवायचं जुनं हत्यार."

दोघांनी आईकडं पाहिलं.

"व्हय की," सुंदरम्मा म्हणाली. "तुमचे आजोबा गटारीचे पाइप जोडायचे. लई चांगले जोडायचे, थेंब गळायचा न्हाई. रझाकाराचं तेवढं तुमच्या बापानं जोडलं."

महेश्वरनं हत्यार खाली ठेवलं आणि पँटला हात पुसले. "अण्णा, थोरला तू. तूच ने."

"न्हाई बाबा, जागा तुझ्याकडं हाय."

बराच वेळ असंच चाललं. मग त्या हत्यारावर पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. "अव्वा, ते तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे की," सुंदरम्मा म्हणाली. "पण मी कुणाकडं ऱ्हाणार, ते सांगा."